मुलांकडून सारांश नको, म्हणणे हवे

दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी, महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. 2015 पासूनची ही प्रथा. अमरावती-अकोल्याकडच्या शाळांतही त्या दिवशी कपाटातली पुस्तके बाहेर निघतात, सतरंज्यांवर मांडली जातात आणि निवडक मुले उभी राहून आपल्या आवडत्या पुस्तकाबद्दल बोलतात. 2024 मध्ये राज्य शासनाने महावाचन उत्सव घेतला. वाचलेल्या पुस्तकावर तिसरी ते बारावीच्या मुलांनी लिहावे, बोलावे, अशी त्याची योजना होती. हेतूंबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या सगळ्यामागच्या समजाबद्दल. मूल पुस्तकाबद्दल बोलले म्हणजे त्याने ते वाचल्याची खात्री पटली आणि वर थोडा सभाधीटपणा आला, एवढाच अर्थ आपण त्या बोलण्याला देतो. हा समज उथळ आहे आणि त्यामुळे मुलांचे नुकसान होते.

माझे म्हणणे असे की, मूल पुस्तकाबद्दल बोलते तेव्हा त्याचे वाचन संपलेले नसते, चालूच असते. पुस्तक मिटल्यावर मनात जे अर्धवट राहिलेले असते ते बोलताना, ऐकताना, प्रतिवाद करताना पुरे होते. हे घडायला तीन गोष्टी लागतात. मुलाची स्वतःची बोली, नावडलेले नावडले म्हणायची मुभा आणि उत्तर आधीच ठरवून न बसलेला ऐकणारा. वऱ्हाडच्या मातीत या तिन्ही गोष्टींना जुना आधार आहे. आपण त्यांना शाळेच्या फाटकाबाहेर ठेवले आहे, एवढेच.

रूढ समज कशावर उभा आहे

शाळेत पुस्तकाबद्दल बोलण्याचा साचा ठरलेला आहे. आधी पुस्तकाचे नाव, मग लेखक, प्रकाशन, पानांची संख्या, मग थोडक्यात कथानक, शेवटी तात्पर्य आणि ‘म्हणून हे पुस्तक मला फार आवडले, तुम्हीही वाचा.’ मूल हे पाठ करते. अनेकदा बाई किंवा सर लिहून देतात, घरी आई करून घेते. बोलणारे मूल बदलते, पुस्तक बदलते, तरी शेवटची दोन वाक्ये बदलत नाहीत.

या साच्यात तीन गृहीतके दडलेली आहेत. पहिले, पुस्तकाचा अर्थ पुस्तकात आयता ठेवलेला आहे आणि मुलाने तो फक्त काढून आणायचा आहे. दुसरे, तो अर्थ सर्वांसाठी एकच आहे. तिसरे, तो मोठ्यांना आधीच ठाऊक आहे, त्यामुळे मुलाने सांगितलेले त्याच्याशी ताडून पाहता येते. ही तिन्ही खरी असती, तर पन्नास मुलांनी बोलण्याची गरजच नव्हती, एकाने बोलून भागले असते. पन्नास मुलांनी बोलावे असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर ती पन्नास वेगळ्या गोष्टी सांगतील अशी अपेक्षा धरली पाहिजे.

पहिला मुद्दा : अर्थ पुस्तक आणि मूल यांच्या भेटीत तयार होतो

लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1938 मध्येच साहित्याच्या अध्यापनावरील आपल्या ग्रंथात मांडले होते की साहित्यकृतीचा अनुभव मजकूर आणि वाचणारा या दोघांच्या व्यवहारातून घडतो. तत्त्व म्हणून हे आता जुने झाले. वऱ्हाडातल्या वर्गात त्याचा अर्थ काय होतो, हे पाहू.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक ‘आवडत्या पुस्तकां’च्या यादीत हमखास असते. त्यावर मुलांकडून आपण काय वदवून घेतो? आईचे संस्कार. पण या पुस्तकाचा मोठा भाग कर्जाने खचत चाललेल्या घराची हकीकत आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन आईला लागेल असे बोलतो, घरावर जप्ती येते, अब्रू जाते. अकोला-अमरावतीच्या खेड्यातले मूल हे वाचते तेव्हा त्याच्या कानावर घरातली बोलणी असतात: सोसायटीचे नवे-जुने करायचे राहिले, कृषी केंद्रावरची उधारी फिटली नाही, बँकेचा माणूस येऊन गेला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या पट्ट्यातल्या मुलाला ‘श्यामची आई’ हे आधी कर्जाचे पुस्तक वाटू शकते. हे वाचन चुकीचे म्हणायचे का? मजकुरात ते आहे आणि मुलाच्या जगण्यातही आहे. तात्पर्याच्या साच्यात मात्र त्याला जागा नाही, म्हणून मूल ते बोलत नाही. बोलत नाही म्हणून ते स्वतःलाही पुरते कळत नाही.

दुसरे उदाहरण बाबासाहेबांच्या बालपणाचे. वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेल्या लहान भीमरावांना आणि त्यांच्या सोबतच्या मुलांना बैलगाडीच्या त्या प्रवासात प्यायला पाणी मिळाले नाही. मुलांसाठीच्या चरित्रांमध्ये हा प्रसंग येतो आणि आपल्याकडची अनेक मुले बाबासाहेबांचे चरित्र आवडते पुस्तक म्हणून निवडतात. आता पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातला वर्ग डोळ्यांसमोर आणा. तिथे जमिनीखालचे पाणी खारट, पिण्याच्या पाण्याची ओढाताण पिढ्यान्‌पिढ्यांची. एक मूल म्हणेल, ‘आमच्याही गावात पाणी नव्हतं, लांबून आणा लागे.’ दुसरे म्हणेल, ‘तिथं पाणी होतं, पण यायले देल्लं नाही.’ पाणी नसणे आणि पाणी नाकारले जाणे, यांतला फरक त्या क्षणी वर्गात उभा राहिला. अस्पृश्यतेवरचा पाठ दहादा वाचून तो असा उभा राहत नाही. एकट्याने वाचताना पहिल्या मुलालाही तो दिसला नव्हता आणि कदाचित दुसऱ्यालाही नाही. पहिल्याने बोलून दाखवले म्हणून दुसऱ्याला प्रतिवाद सुचला. बोलण्याने वाचन पुरे होते ते असे.

दुसरा मुद्दा : बोलीवाचून म्हणणे उमटत नाही

ज्या भाषेत मूल विचार करते त्याच भाषेत ते पहिले मत बांधू शकते. वऱ्हाडातल्या मुलाचे ‘मले’, ‘काऊन’, ‘हाय’, ‘सांगतलं’ हे वर्गात आल्याबरोबर दुरुस्त होते. दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण परिणाम असा होतो की मुलाचे लक्ष म्हणण्यावरून उडते आणि शब्दांवर जाते. पुस्तकाबद्दल काय वाटले हे शोधणे मुळातच अवघड काम आहे. त्यातच परक्या वळणाची वाक्ये जुळवायची म्हटल्यावर मूल सोपा मार्ग धरते आणि पाठ केलेले म्हणून मोकळे होते.

पोहायला जायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्यावर एखादी मुलगी म्हणाली, ‘श्यामले त्याच्या मायनं मारलं काऊन? समजावून सांगतलं असतं तं ऐकलं नसतं का त्यानं?’ तर या दोन वाक्यांत साहित्यसमीक्षेचे सगळे सामान आहे. पात्राच्या वागण्याला पर्याय सुचवला आहे, लेखकाच्या बाजूवर शंका घेतली आहे आणि स्वतःच्या घराशी मनातल्या मनात तुलनाही केली आहे. तिला आधी ‘मारलं काऊन नाही, का मारले म्हण’ असे सांगितले, तर ती पुढचे वाक्य बोलणार नाही.

बोली विचाराला अपुरी पडते, असे ज्यांना वाटते त्यांनी गाडगेबाबांचे कीर्तन आठवावे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेला हा माणूस आयुष्यभर आपल्या बोलीत बोलला आणि कर्ज, हुंडा, नवस, पशुहत्या, शिक्षण या विषयांवर हजारोंच्या जमावाला विचार करायला लावत राहिला. उद्धव शेळके यांची 1960 ची ‘धग’ ही कादंबरी नायिका कौतिकच्या आणि तिच्या माणसांच्या वऱ्हाडी बोलण्यातून उभी राहते आणि ती मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत गणली जाते. साहित्यात मानाची ठरलेली बोली पाचवीच्या वर्गात मात्र चूक ठरते, यात न्याय नाही.

मेळघाटात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू मुलांची घरची भाषा मराठीची बोलीसुद्धा नाही, ती मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. त्या मुलाने मराठी गोष्ट वाचून तिच्याबद्दल कोरकूत बोलावे आणि दुसऱ्या मुलाने ते शिक्षकांना समजावून सांगावे, यात काही कमीपणा नाही. दोन भाषांमध्ये अर्थाची ने-आण करणे हे वाचनाचे वरच्या पायरीचे काम आहे.

तिसरा मुद्दा : नावडण्याचा हक्क नसेल तर आवडण्याला किंमत नाही

‘तुझे आवडते पुस्तक कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर मूल बहुधा प्रामाणिकपणे देत नाही. मोठ्यांना कोणते पुस्तक आवडलेले आवडेल, याचा ते अंदाज घेते. म्हणून ‘श्यामची आई’, ‘अग्निपंख’, थोरांची चरित्रे एवढीच नावे ऐकू येतात. भुताच्या गोष्टी, चित्रकथा, विनोदांची चोपडी, ‘फास्टर फेणे’ची पाने सुटलेली प्रत, ‘किशोर’ मासिकाचा जुना अंक हे खरोखर पुन्हा पुन्हा वाचलेले साहित्य यादीत येत नाही. मुलाची खरी आवड दप्तरात राहते आणि शोभेची आवड मंचावर जाते.

अभिरुची निवडीतून घडते आणि निवडीत नाकारणे आलेच. कंटाळा आला म्हणून अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल मुलाला बोलता आले पाहिजे. कुठल्या पानावर कंटाळा आला? तिथे काय चालले होते? पुढे काय होईल असे वाटले होते? या प्रश्नांना उत्तर देताना मूल पुस्तकाच्या रचनेबद्दल बोलू लागते, तेही रचना हा शब्द न ऐकता. शिवाय मुलांसाठी लिहिणाऱ्यांनाही हे ऐकण्याची गरज आहे. मराठी बालसाहित्याचा दर्जा आपण पुरस्कार समित्यांकडून ठरवून घेतो, तो वाचणाऱ्या मुलांचे मत मात्र कुठेच नोंदले जात नाही.

चौथा मुद्दा : प्रश्न बदलला की उत्तर बदलते

ब्रिटिश लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी 1993 मध्ये ‘टेल मी’ हे पुस्तक मुलांच्या पुस्तकचर्चेवरच लिहिले. त्यांचा भर चार साध्या प्रश्नांवर आहे. या पुस्तकात काय आवडले? काय आवडले नाही? काय कोड्यात टाकणारे वाटले? कशाचा कशाशी संबंध लागला, काय पुन्हा पुन्हा आले? ‘का?’ असे थेट विचारणे ते टाळायला सांगतात, कारण मुलाला तो प्रश्न उलटतपासणीसारखा वाटतो आणि ते बचावाच्या पवित्र्यात जाते. या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर शिक्षकाला आधी ठाऊक असू शकत नाही. म्हणून ते खरे प्रश्न आहेत. ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो?’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याकडे तयार असते आणि मुलाला ते माहीत असते.

हे काही बाहेरून आणायला नको. गाडगेबाबांचे कीर्तन सवाल-जवाबावर चालत असे. समोरच्या माणसाला प्रश्न करायचा, त्याच्या तोंडून उत्तर काढायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न विणायचा. त्याहून जुना दाखला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा आहे. तेराव्या शतकात, 1278 च्या सुमारास, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडून विचारून विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा हा ग्रंथ अनेकांच्या सांगण्यातून आणि एकाच्या चिकाटीच्या ऐकण्यातून तयार झाला आहे. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. ‘श्यामची आई’ची रचनाही आठवावी. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री गोष्ट सांगतो, ते ऐकतात, विचारतात, त्यावर बोलतात. ज्या पुस्तकाचा आपण बोधवचनांपुरता वापर करतो, ते मुळात संवादाचे पुस्तक आहे.

आक्षेप आणि उत्तरे

*प्रमाण मराठी बिघडेल.* हा आक्षेप गंभीर आहे. परीक्षा, नोकरी, कचेरी सगळीकडे प्रमाण मराठी लागते आणि वऱ्हाडातल्या मुलाला ती उत्तम आलीच पाहिजे. पण क्रम महत्त्वाचा. आधी म्हणणे बोलीत तयार होऊ द्यावे, मग तेच प्रमाण मराठीत लिहायला सांगावे. सांगण्यासारखे काही हाती असलेले मूल नवी भाषा लवकर उचलते. हाती काही नसलेले मूल फक्त शुद्धलेखन गिरवते.

*मुलांना अजून धड वाचताच येत नाही, तिथे मते कसली?* शालेय मुलांची वाचनक्षमता तपासणाऱ्या ‘असर’सारख्या पाहण्या 2005 पासून हेच दाखवत आल्या आहेत की वरच्या इयत्तेतल्या अनेक मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही. हे खरे दुखणे आहे. मात्र त्यावरून ‘आधी वाचन, मग विचार’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. अक्षरे जोडण्याची खटपट मूल कशासाठी करील? पुढे काही सांगायला, भांडायला, हसायला मिळणार असेल तरच. ज्याला वाचता येत नाही त्याला गोष्ट वाचून दाखवता येते आणि ऐकलेल्या गोष्टीवर ते पूर्ण अधिकाराने बोलू शकते. पुस्तकात आपल्या म्हणण्याला जागा आहे हे कळले, की वाचायला शिकण्याचे कारण सापडते.

*मुले मनाला येईल तो अर्थ लावतील.* प्रत्येक अर्थ सारखाच बरोबर, असे मी म्हणत नाही. मताला पुराव्याची शिस्त हवी आणि ती लावण्याची रीत सोपी आहे: ‘तुला असे कुठल्या पानावरून वाटले? वाचून दाखव.’ मूल पुन्हा पुस्तकाकडे जाते, ओळ शोधते. कधी सापडते, कधी सापडत नाही आणि मत बदलावे लागते. तात्पर्याच्या साच्यात पुस्तक पुन्हा उघडण्याची वेळच येत नाही. त्यामुळे मजकुराशी इमान राखण्याचे काम या पद्धतीत जास्त होते.

*शिक्षकांना वेळ नाही.* दोन शिक्षकांवर चालणारी जिल्हा परिषदेची शाळा, माहिती भरण्याची कामे, सर्वेक्षणे आणि वर अभ्यासक्रम, ही अडचण मला मान्य आहे. म्हणूनच मी नवा दिवस, नवी स्पर्धा किंवा नवा अहवाल सुचवत नाही. आठवड्याला एक तास, गोल बसलेली आठ-दहा मुले आणि एक पुस्तक पुरते. त्या तासाचे फोटो आणि गुणदान नको. जे काम मोजावे लागत नाही त्याला वेळ कमी लागतो.

*पुस्तकेच नाहीत.* पुस्तके कमी आहेत, पण आहेत ती कुलपात आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे. गावोगावी लहानमोठी अनुदानित वाचनालये आहेत. शाळांत कपाटे आहेत. पुस्तक फाटेल, हरवेल, हिशेब कोण देईल, या भीतीने ती बंद राहतात. हाताळून फाटलेले पुस्तक ही शाळेची मिळकत मानली पाहिजे आणि वरिष्ठांनी तसे लेखी कळवले पाहिजे. त्याशिवाय मुख्याध्यापक कुलूप काढणार नाहीत.

मग करायचे काय

वऱ्हाडचे स्वतःचे वेळापत्रक असते, त्याप्रमाणे आखणी करावी. वाचन प्रेरणा दिन येतो तो ऑक्टोबरचा मध्य म्हणजे सोयाबीनच्या काढणीचे दिवस आणि सत्र परीक्षेची घाई. अनेक घरांत मुलांचेही हात शेतात लागतात. उलट मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या घरात जातो, दुपारभर कोणी बाहेर पडत नाही आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडत नाहीत. आमच्याकडचा वाचनाचा सर्वांत मोठा हंगाम ती दुपार आहे आणि नेमकी त्याच काळात शाळेची कपाटे बंद असतात. एप्रिलअखेरीस प्रत्येक मुलाच्या हाती चार पुस्तके द्यावीत, त्यांतली दोन त्याने स्वतः निवडलेली. शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा त्यावर बोलण्यासाठी ठेवावा.

वाचनालयांनी बालविभागातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवावा. वाचून झालेल्या मुलाने पुढच्या मुलासाठी त्यावर दोन ओळी लिहाव्यात, कुठल्याही बोलीत, आवडले-नावडले दोन्ही. त्या ओळी कोणी तपासू नयेत. एका मुलाचे म्हणणे दुसऱ्या मुलापर्यंत पोहोचावे आणि त्याने ते खोडूनही काढावे. वाचणाऱ्यांचा समाज असाच तयार होतो.

आणि घरातल्या मोठ्यांनी एवढे करावे: मुलाने पुस्तक संपवले की ‘काय शिकलास?’ हा प्रश्न गिळून टाकावा. त्याऐवजी ‘सांग, काय झालं त्यात?’ म्हणावे आणि ते सांगू लागल्यावर मध्ये बोलू नये.

प्रश्न पुस्तकापुरता नाही

‘आवडते पुस्तक’ हा शाळेतला किरकोळ विषय वाटतो, पण छापलेल्या शब्दासमोर उभे राहून ‘मला असे वाटते’ म्हणण्याची सवय मुलाला याच विषयातून लागते. जे मूल साने गुरुजींच्या पुस्तकाला प्रश्न विचारू शकते, ते उद्या बियाण्याच्या पिशवीवरची हमी, कर्जाच्या कागदावरची अट, निवडणुकीचा जाहीरनामा आणि मोबाइलवर आलेला मजकूर यांनाही प्रश्न विचारील. ज्याला लहानपणी फक्त तात्पर्य सांगायची सवय लागली, ते मोठेपणीही दुसऱ्याने काढलेली तात्पर्येच स्वीकारील. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे नुकसान न कळलेल्या कागदांवर सही केल्याने किती झाले आहे, हे इथे राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. म्हणून मुलांनी पुस्तकांबद्दल मोकळेपणाने, आपल्या बोलीत, पटत नाही तेही बोलावे, ही शिक्षणातली कमीत कमी मागणी मानली पाहिजे. ती पुरी करायला नवा निधी लागत नाही. मोठ्यांनी उत्तर आपल्याकडे आहे असे धरून चालणे तेवढे सोडावे लागते.